सायकल + जिम: पाय दोनच आहेत, वाटणी कशी करायची?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज अडलं म्हणून धागा काढतोय. काम झाल्यावर गायब होणार नाही, शेवटी काय झालं ते कळवेन.

वय ४१, वजन ७२, काम बैठं. गेली दीड वर्षं सायकल चालवतोय. आठवड्यातले चार दिवस २५-३० किलोमीटर आणि रविवारी ६०. दम वाढला, पोट उतरलं, पण कमरेच्या वरचा भाग तोळामासाच राहिला. चार महिन्यांपूर्वी पुस्तकांचं खोकं माळ्यावर चढवताना पाठ अशी धरली की दोन दिवस मोजे घालायला दुसऱ्याची मदत लागली. त्याच आठवड्यात जिम लावली.

सुरुवातीला मजा आली. आता सगळंच ठप्प. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन मारायची बैठक) सहा आठवडे ६० किलोवर अडकलाय. नेहमीच्या चढावर पूर्वी दोन गिअर शिल्लक ठेवून वर जायचो, आता शेवटच्या गिअरवरही फेफे उडते. रात्री दोनला जाग येते. त्यात उजवा गुडघा समोरून, वाटीच्या खालच्या कडेला दुखायला लागलाय.

जिममधला ट्रेनर म्हणतो, सायकल सोडा, मसल जळतात. सायकलवाले मित्र म्हणतात, पायांना सायकल पुरते, जिममध्ये फक्त वरचं अंग कर. दोघांचंही ऐकलं तर पाय कुठेच उरत नाहीत. जे लोक दोन्ही करतात त्यांनी सांगा, कसं बसवता?


मंदगती

वाचतेय. मी पण याच बोटीत आहे, फक्त माझा स्क्वॉट ३० वर अडकलाय.


बैठकबहाद्दर

'सायकल चालवतो आणि जिमला जातो' यावरून काही कळत नाही हो. सोमवार ते रविवार काय काय करता ते लिहा. आणि खरं लिहा, ठरवलेलं नको.


चाकोरीबाहेर

सोम: सकाळी सायकल, संध्याकाळी पाय. मंगळ: सायकल, संध्याकाळी छाती. बुध: फक्त जिम, पाठ. गुरु: सायकल, संध्याकाळी पुन्हा पाय. शुक्र: खांदे-दंड. शनि: सायकल. रवि: ६० किमी.

सायकल कशी? जमेल तितक्या जोरात. अॅपमध्ये सरासरी वेग कमी दिसला की दिवस खराब जातो.

सुट्टीचा दिवस नाही. आता लिहिताना लक्षात आलं.


बैठकबहाद्दर

झालं, दुखणं सापडलं. पायांना आठवड्यात सात वेळा राबवताय आणि सातही वेळा मध्यम-जोरात. सायकलीचं एकही सत्र इतकं हलकं नाही की पायांना विश्रांती मिळावी आणि एकही इतकं तगडं नाही की दम खऱ्या अर्थाने वाढावा. नुसता थकवा साठतोय.

हे काही नवं नाही. रॉबर्ट हिक्सन नावाच्या संशोधकाने १९८० साली हेच तपासलं होतं. तीन गट केले. एकाने आठवड्यातले पाच दिवस फक्त पायांची ताकद वाढवली, दुसऱ्याने सहा दिवस फक्त दमाचा व्यायाम (सायकल आणि धावणं) केला, तिसऱ्याने दोन्ही पूर्णच्या पूर्ण केलं. दहा आठवडे. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत इतरांसारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क घसरली. दम मात्र कमी झाला नाही. एक व्यायाम दुसऱ्याच्या असा आड येतो याला इंटरफिअरन्स इफेक्ट म्हणतात. तुमचे सहा आठवडे या आलेखात चपखल बसतात.

पण यावरून 'सायकल सोडा' असा निष्कर्ष काढणारे ट्रेनर अर्धीच गोष्ट सांगतात. त्या लोकांनी आठवड्याला अकरा सत्रं केली होती! आपल्याला कुठे तेवढी करायचीत? आणि २०१२ साली विल्सन आणि सहकाऱ्यांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, त्यात ताकदीला आणि स्नायूंना बाधा आली ती मुख्यतः धावण्याने, सायकलीने तितकी नाही. धावताना प्रत्येक पावलाला स्नायू ताणला जात असतानाच आदळआपट सोसतो, सायकलीत तो प्रकार जवळजवळ नाही. वजनांना जोडीदार निवडायचा तर सायकल हा उलट चांगला जोडीदार आहे.


दोन_चाकी

बाकी ठीक, पण मुळात पाय जिममध्ये करायची गरजच काय? चढावर मोठा गिअर टाका आणि उभं राहून मारा, होते की ताकद. मी बारा वर्षं सायकल चालवतोय, जिममध्ये एकदाही लेग डे, म्हणजे पायांचा दिवस, केला नाही. मांड्या बघून लोक विचारतात.


शून्यवॅट

दोन_चाकी, मांड्यांबद्दल शंका नाही, पण हिशेब करून बघू. मला हिशेबाची खाज आहे, सांभाळून घ्या.

समजा तुम्ही २०० वॅट देताय, मिनिटाला ९० फेरे, क्रँकची (पायडलच्या दांड्याची) लांबी १७० मिलिमीटर. ९० फेरे म्हणजे सेकंदाला ९.४२ रेडियन. २०० भागिले ९.४२ म्हणजे २१.२ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). त्याला ०.१७ ने भागलं की आले १२५ न्यूटन. म्हणजे दोन्ही पायांचा मिळून पायडलवर सरासरी जोर किती? जेमतेम १३ किलोच्या वजनाएवढा.

आता तुमचा चढ घ्या. २५० वॅट, मोठा गिअर, फेरे फक्त ५०. तरी आकडा येतो २९ किलोच्या आसपास. ही फेऱ्याची सरासरी आहे, पायडल खाली दाबताना क्षणभर साधारण दुप्पट जोर लागतो, मान्य. पण चाकोरीबाहेर यांच्या खांद्यावर ६० किलोचा बार आहे आणि वर स्वतःचं अंग. तुलना होत नाही.

सायकल म्हणजे हलकं वजन तासाला ५४०० वेळा ढकलणं. त्याने जे व्हायचं ते होतं: केशवाहिन्या वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं. स्नायूची कमाल ताकद वाढवायला मात्र त्याला पाच-सात वेळांतच हात टेकायला लावणारं ओझं लागतं.


दोन_चाकी

आकडे बरोबर असतील. पण त्या ताकदीचा सायकलीवर उपयोग काय, जर पायडलला १३ किलोच लागतात?


शून्यवॅट

हा खरा प्रश्न आहे. उत्तर असं की ज्याची कमाल १०० आहे त्याला १३ म्हणजे किरकोळ. ज्याची कमाल ५० आहे त्याला तेच १३ जड. तीन तासांनी फरक दिसतो.

नॉर्वेच्या बेंट रोनेस्टाड यांनी तयारीच्या सायकलपटूंना १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनं करायला लावली, सायकल चालूच. नंतर १८५ मिनिटं बेताने चालवायला लावून शेवटी पाच मिनिटं जीव तोडून मारायला सांगितलं. वजनं केलेल्यांची त्या पाच मिनिटांतली ताकद वाढली होती, नुसत्या सायकलवाल्यांची नाही. त्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात पुढे हंगामात आठवड्यातून एकदा वजनं केली तरी कमावलेलं टिकलं. गंमत म्हणजे हिक्सन यांनीच १९८८ मध्ये आधीच दम असलेल्या लोकांना पायांची ताकद जोडून दिली, तर ज्या वेगावर ते ७१ मिनिटांत थकायचे त्यावर ८५ मिनिटं टिकले. पहिला अभ्यास सगळे सांगतात, दुसरा कोणी सांगत नाही.


लोखंडाचे_चणे

ट्रॅक सायकलपटू क्रिस हॉय यांची सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं विसरू नका. ट्रॅक सायकलिंगवाले स्क्वॉट रॅकमध्येच राहायला असतात.


बैठकबहाद्दर

ते स्प्रिंटवाले, त्यांचं सगळं काम काही सेकंदांत. त्यांचं बघून १५० किलोच्या मागे लागाल तर पाठ पुन्हा धरेल. आपल्या धागाकर्त्याला खोकं माळ्यावर चढवायचंय.


निवांत_काकू

मी एरवी या विभागात लिहीत नाही, पण एक मुद्दा कोणीच मांडला नाही म्हणून लिहिते.

वय ५८. दहा-अकरा वर्षं सायकल, दुसरा काही व्यायाम नाही. माझी समजूत अशी की मी अगदी ठणठणीत. मैत्रिणी जिने चढताना थांबायच्या, मी नाही. मागच्या वर्षी सहज म्हणून हाडांची डेक्सा तपासणी केली तर कण्याचा टी-स्कोअर उणे १.६. ऑस्टिओपेनिया, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. मी डॉक्टरांशी भांडलेच, 'अहो, मी इतकी सायकल चालवते!' त्या म्हणाल्या, सायकलीवर तुमचं वजन सीट उचलते, हाडं कुठे उचलतात?

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. हाडाला भार आणि दणका लागतो, तेव्हा ते स्वतःला घट्ट करतं. सायकलीत सांध्यांना दणका बसत नाही हेच तर आपण कौतुकाने सांगतो, पण त्याचा भुर्दंड हाड भरतं. तरुण, रोडवर तासन् तास चालवणाऱ्या पुरुष सायकलपटूंतही कण्याचं हाड विरळ असल्याचं आढळलंय. बायकांना पाळी गेल्यावर तर दुहेरी मार.

आता आठवड्यातून दोनदा डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलणं), स्क्वॉट, रो (वजन पोटाकडे ओढणं) आणि डोक्यावर वजन ढकलणं. पहिल्या दिवशी रिकामा बार उचलला तेव्हा हात थरथरत होते आणि शेजारचा मुलगा 'मावशी, राहू दे' म्हणाला. आज त्या बारला दोन्ही बाजूंनी दहा-दहा किलोच्या चकत्या असतात. हाडांचा निकाल यायला वेळ लागेल, पुढची तपासणी अजून व्हायची आहे. सायकल सोडलेली नाही. सोडणारही नाही.


मंदगती

काकू, _/\_


लोखंडाचे_चणे

काकू, त्या मुलाला आता पाणी आणायला पाठवा.


सांधेजोड

धागाकर्त्याच्या गुडघ्याकडे कोणी बघितलंच नाही. माझा व्यवसाय फिजिओथेरपीचा, पण इथून तपासता येत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजा.

वाटीच्या समोर किंवा खाली दुखतं तेव्हा पहिला संशय सीटवर घ्यायचा. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार मुडपतो आणि वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते, तासाला हजारो वेळा. (गुडघ्याच्या मागे दुखलं तर उलटा संशय, सीट जास्त वर.) घरच्या घरी करायची चाचणी: भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक उरतो, तो योग्य.

आकडा हवा असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि ०.८८३ ने गुणा. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर, सीटच्या नळीच्या रेषेत. हा काही देववाक्य नाही, सुरुवातीचा अंदाज आहे. फरक जास्त निघाला तर एकदम वर करू नका, दर दोन-तीन फेऱ्यांना पाच मिलिमीटर.

सूज असेल, गुडघा अडकत असेल किंवा दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा.


चाकोरीबाहेर

सांधेजोड, तुमचे पाय कुठे आहेत?

जांघेचं माप ८१ सेंटिमीटर. गुणाकार ७१.५. सायकलीवर मोजलं तर ६८! विश्वास बसेना, कारण सायकल घेतली तेव्हा दुकानदाराने नीट बसवून दिली होती आणि मी सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) परमनंट मार्करने रेघ मारून ठेवली होती. ती रेघ शोधायला गेलो तर दिसेचना. क्लॅम्प ढिला करून नळी वर ओढली तेव्हा रेघ आतून बाहेर आली, साडेतीन सेंटिमीटर खालून. आणि रेघेच्या वर नळीला उभे ओरखडे, जणू कोणी कानसीने घासलंय. म्हणजे क्लॅम्प पुरेसा आवळलेला नव्हता आणि मी महिनोन् महिने केसाकेसाने खाली सरकत होतो. रोज थोडं थोडं, म्हणून कळलं नाही. मला वाटायचं वय झालं.


दोन_चाकी

हाहा, हे माझ्या बाबतीतही झालंय. सीटपोस्ट पुसून कोरडी करा, कार्बनची नसेल तर किंचित ग्रीस लावा, क्लॅम्प नीट आवळा आणि रेघेच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी सुरकुतली की समजायचं, सरकतेय.


एकचतास

माझा प्रश्न वेगळा. मला आठवड्याला जेमतेम चार तास मिळतात. त्यात दोन्ही कसं बसणार?


बैठकबहाद्दर

आरामात बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा दमाचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा ताकदीचा व्यायाम, एवढंच सांगतात. पाऊण तासाची दोन जिम सत्रं आणि अडीच तास सायकल. झाले चार तास. छातीचा दिवस, दंडाचा दिवस ही चैन विसरायची, दोन्ही दिवस सगळं अंग.

आता धागाकर्त्यासाठी. तुम्ही जिमचे पाच दिवस तीनवर आणा आणि पायांची जड मेहनत शक्य तितकी एकाच दिवसात कोंबा, म्हणजे बाकीचे दिवस पायांना खरंच मोकळे मिळतील. मंगळवारी सकाळी सायकलीवर चार मिनिटांचे चार जोर, मध्ये तीन-तीन मिनिटं हलकं. त्याच संध्याकाळी पाय: स्क्वॉट पाचाचे तीन सेट (म्हणजे पाच-पाच वेळा, तीनदा), रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून कमरेतून झुकायचं) आठाचे तीन, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक) दोन सेट. प्रत्येक सेटमध्ये अजून दोन मारता आले असते अशा जागी थांबा. मध्ये किमान सहा तासांचं अंतर हवं, ते नसेल तर जे तुमच्यासाठी महत्त्वाचं ते आधी. तुमची ताकद अडकलीय, म्हणजे वजनं आधी. बुधवारी चाळीस मिनिटं इतकी हलकी सायकल की शेजारी कोणी असतं तर त्याला पूर्ण वाक्यात गोष्ट सांगता आली असती. गुरुवारी वरचं अंग, त्यात रो आणि मागचे खांदे जास्त, कारण हँडलवर वाकून तुमची पाठ कमानीसारखी झाली असणार. शुक्रवारी सगळं अंग, पाय निम्म्या मेहनतीने. शनिवारी काहीच नको. रविवारी लांबची सायकल, तीही बोलत-बोलत. सोमवार सुट्टी.

अॅपमधला सरासरी वेग दिसणार नाही अशी काही सोय करा. हे सगळ्यात महत्त्वाचं.


लोखंडाचे_चणे

एवढा खटाटोप कशाला? ताबाता करा, चार मिनिटांत काम तमाम.


शून्यवॅट

मूळ ताबाता (१९९६) म्हणजे सायकल एर्गोमीटरवर (जोर मोजणाऱ्या जागेवरच्या सायकलीवर) २० सेकंद जोर, १० सेकंद आराम, असे सात-आठ फेरे, आणि जोर कमाल ऑक्सिजन क्षमतेला लागतो त्याच्या १७० टक्के. लोक आठव्या फेऱ्याला यंत्रावरून उतरू शकत नाहीत. व्हिडिओत हसत-हसत उड्या मारतात तो ताबाता नव्हे, नुसतं घड्याळ.


मंदगती

आणि ते 'मसल जळतात' खरं का? मला याचीच भीती.


बैठकबहाद्दर

कमी खाल्लं तर जळतील, सायकल चालवा किंवा नका चालवू. तासभर सरासरी १५० वॅट म्हणजे ५४० किलोज्यूलचं काम. शरीर खर्चलेल्या ऊर्जेचा २०-२५ टक्के भागच पायडलपर्यंत पोचवतं, बाकी घाम. तेव्हा खर्च सव्वापाचशे ते साडेसहाशे किलोकॅलरी. धागाकर्ता आठवड्यात पाच वेळा ही उधळण करतोय आणि बहुतेक पूर्वीइतकंच जेवतोय. रात्री दोनची जाग तिथूनच आली असेल तर मला नवल नाही. प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे त्यांना ११५ ग्रॅम. दीड तासाहून लांब सायकल असेल तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्यात, उपाशीपोटी मर्दुमकी नको. मूत्रपिंडाचा वगैरे त्रास असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच.


एकचतास

एक फालतू प्रश्न. सायकलवरून थेट जिमला जातो, ती पॅडवाली चड्डी बदलायला हवी का?


दोन_चाकी

स्क्वॉटमध्ये खाली बसलात की पॅड मागे काय करतं ते आरशात बघा. उत्तर मिळेल.


चाकोरीबाहेर

कबूल केल्याप्रमाणे आलो. दहा आठवडे झाले.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. शरीराला नाही, मनाला. बुधवारच्या हलक्या सायकलीत एक आजोबा, हँडलला दोन्ही बाजूंनी भाजीच्या पिशव्या, घंटी वाजवून मला मागे टाकून गेले. मी पायडलवर उभा राहिलोच होतो, पण काकूंची आठवण झाली आणि बसलो. त्या दिवसापासून अॅपवर चिकटपट्टी लावलीय. तीच, सीटपोस्टची उरलेली.

सीट दर आठवड्याला थोडी वर करत ७१ वर थांबलो. ७१.५ ला कंबर डावी-उजवी हलायला लागली म्हणून अर्धा सेंटिमीटर उतरलो. गुडघा चौथ्या आठवड्यात विसरायला झाला.

स्क्वॉट सातव्या आठवड्यात ६५, आता ७२.५ चे पाच. चढावर परवा वर पोचून खाली बघितलं तर एक गिअर शिल्लक होता. पूर्वी दोन उरायचे, तिथवर अजून नाही. पुल-अप शून्यच आहेत, नुसता लोंबकळतो. झोप आली, पण ती कमी सायकलीने की जास्त जेवणाने ते सांगता येत नाही, दोन्ही एकदमच बदललं.

ट्रेनर अजून सायकल सोडा म्हणतोच. वाद घालत नाही, पुढच्या सेटकडे जातो.


निवांत_काकू

आजोबांना परत गाठायचं नाही. बुधवारी तर अजिबात नाही.


दोन_चाकी

बरं, एक विचारतो, हसू नका. उद्या सकाळी ओळखीच्या जिममध्ये जातोय, चाचणी म्हणून. स्क्वॉट किती किलोने सुरू करू? मांड्या तर आहेत, ५० ने चालेल ना?


बैठकबहाद्दर

रिकामा बार. २० किलो. आणि परवा जिना उतरताना कठड्याला धरा, मग सांगा मांड्यांचं.


दोन_चाकी

परवा म्हणजे? उद्या नाही दुखणार?


मंदगती

उद्या नाही हो. परवा.